देवघरातलं चाक

“ताई, तेवढं चाक मिळालं असतं तर...” रणधीर म्हणाला आणि वाक्य अर्धंच सोडून कपातल्या चहाकडे बघत बसला.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. मी, रणधीर आणि बाबालाल मिस्त्री. आई देवघरात होती. देवघर म्हणजे स्वयंपाकघराचाच एक कोपरा, मध्ये नुसता पडदा. पडद्याआड तांब्यातून ताम्हणात पाणी पडल्याचा आवाज येत होता, म्हणून सगळेच हळू बोलत होते.

“जुनंच घालून पळव की,” मी म्हटलं. “इतकी वर्षं जुन्यावरच पळत होती ना गाडी?”

“पळवीन. पण आप्पांनी वरचं सगळं त्या चाकाला धरून बांधलंय, ताई. जुनं घातलं तर...” त्यानं बाबालालकाकांकडे पाहिलं. “तुम्ही सांगा की.”

“तर पैलवानाला साडी नेसवून कुस्तीला उभा केल्यागत होईल,” बाबालालकाका पडद्याकडे बघत म्हणाले.

रणधीर चौगुले घाटातल्या चढाईच्या शर्यतींत उतरायचा. गाडी त्याची, जुनी एस्टीम, पण तिचं इंजिन आप्पांनी बांधलेलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, हिंदुराव सासने. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पुढं कारखाना आणि मागं घर अशी आमची जागा. शर्यतीच्या गाड्या घेऊन लांबलांबची पोरं आप्पांकडे यायची. बाबालाल मुजावर त्यांच्याकडे उमेदवार म्हणून आले आणि तिथंच केस पिकेपर्यंत राहिले. ते आप्पांना मालक म्हणायचे आणि आप्पा त्यांना, कामात चूक झाली की, जावईबापू.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये लोखंडाचं एक जड चाक बसवलेलं असतं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. आप्पांनी त्या गाडीसाठी नवं, निम्म्यानं हलकं चाक केलं होतं. घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून, लेथवर, स्वतःच्या हातानं. ओतीव लोखंडाचं असतं तर करायलाही सोपं होतं. पण ओतीव चाक फार कोरलं की वेगात फुटतं आणि बसणाऱ्याच्या पायात घुसतं, असं ते सांगायचे. चाक पुरं झालं. त्यांनी ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. गाडी ठोकळ्यांवर चढवून गिअरबॉक्स उतरवला. दुसऱ्या दिवशी ते बसवायचं होतं. त्या दिवशी सकाळी आप्पा, जिथून जेवणासाठी आईला हाक मारायचे त्या मागच्या दारातच, खाली बसले आणि उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर बाबालालकाकांनी ते चाक घरी आणलं. “मालकांचं शेवटचं काम, वहिनी. तुमच्या डोळ्यांखालनं घालावं म्हटलं,” एवढंच ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं, आई बघेल आणि परत देईल. आईनं फडकं सोडलं, चाक पदरानं पुसलं, त्यातलं तेल सगळं निघेपर्यंत पुसलं, आणि देवघरात पाटावर ठेवून दिलं. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की ती त्याच्यावर तांब्याभर पाणी घाली, हळदकुंकू लावी, फूल ठेवी.

आत्ताही पडद्याआड तेच चाललं होतं.

“मी विचारू का वहिनींना?” काकांनी विचारलं.

“नको,” मी म्हटलं.

कप खाली ठेवून रणधीर उठला. शर्यत दसऱ्यानंतर आठवड्याभरात होती. “असूदे ताई. काकींपेक्षा शर्यत मोठी नाही,” तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. पण जाताना त्यानं पडद्याकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

मी पुण्याला एका शैक्षणिक प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम करायची. सुट्टी वाढवून वाढवून संपत आली होती. भूगोलाच्या पुस्तकाचा गठ्ठा मी इथंच मागवून घेतला होता आणि दुपारी ओसरीत बसून नद्यांच्या उगमस्थानांवरची काना-मात्रा दुरुस्त करत होते. दुसऱ्याच्या वाक्यातला जास्तीचा शब्द मला चटकन दिसतो. घरात काय जास्तीचं आणि काय नाही, ते मात्र दिसत नव्हतं. आई घराबाहेर पडत नव्हती. शेजारच्या बायका आल्या की हो-नाही एवढंच बोलायची. आप्पा गेल्यापासून तिनं पिठात हात घातला नव्हता. मी भात-आमटी करायची, ती दोन घास खायची. भाकरी मला जमत नाही. माझी भाकरी तव्यापर्यंत पोचण्याआधीच दुभंगते. पहिल्यांदा केली तेव्हा आईनं ते तुकडे नुसते पाहिले आणि “भातच बरा” म्हणाली. पूर्वीची आई असती तर चार बायकांना बोलावून दाखवले असते.

अशा आईला एकटी ठेवून मी कशी जाणार होते? आणि तिच्या पुढ्यातून ते चाक उचललं तर मागं काय उरणार होतं? पुस्तकांत मी शोकाबद्दल पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काही कामाला येत नव्हतं.

रणधीर गेल्यावर मी पडदा सारून आत गेले. आई पाटासमोर बसली होती. चाकाची कड तांबूस झाली होती. जिथं रोज पाणी साचायचं तिथं गंजाचे बारीक ठिपके उठले होते, देवीचे व्रण असावेत तसे. पाटावरही गोल डाग पडला होता.

“काय म्हणत होता रणधीर?” आईनं विचारलं.

“काही नाही. सहज आला होता.”

“सहज येणारा मुलगा नव्हे तो. गाडी बिघडल्याशिवाय देवाला पण जात नाही.” तिनं चाकावरचं कालचं फूल उचललं. “तुला ठाऊक आहे का हे काय करतं?”

मला थोडंफार ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, “नाही.”

“मला पण कळत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांना विचारलं, हे एवढं जड कशाला लावता गाडीला, उगीच ओझं. तर म्हणाले, जातं ओढतेस ना? तसंच. वरची तळी जड असली की पहिला फेरा ओढताना खांदा भरून येतो. पण एकदा फिरली की फिरली. मग हात नुसता लावून ठेवायचा. बोलता येतं, ओव्या म्हणता येतात, क्षणभर हात सोडला तरी ती आपली फिरतेच.”

“आणि हलकी असली तर?”

“तर बोट लावलं की फिरते. पण हात सोडला की थांबते.” ती थांबली. “शर्यतवाल्यांना तेच पाहिजे असतं म्हणे. लगेच पळायला पाहिजे आणि लगेच थांबायला.”

आप्पा गेल्यापासून ती एका दमात एवढं बोलली नव्हती. मी आणखी काही विचारावं की नाही याचा विचार करत राहिले आणि तेवढ्यात तिनं घंटी वाजवली.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बाबालालकाका मागच्या दारात येऊन उभे राहिले. हातात टोपी, पायाशी नजर.

“वहिनी, यंदा पूजेचं कसं करायचं?”

आमच्याकडे खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. लेथ, ड्रिल, पाने, हातोडे, सगळं धुऊनपुसून मांडायचं. त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही. दरवर्षी आई आणि आप्पा जोडीनं पूजा करायचे. नारळ मात्र बाबालालकाका फोडायचे. आप्पांचा नारळ कधी सरळ फुटायचा नाही आणि काकांचा एका घावात दोन वाट्या, अशी ती रीत पडून गेली होती.

“वर्ष आहे, काका,” मी आतून म्हटलं. “यंदा सण नाहीत आपल्याकडे.”

“व्हय, ते हायच. म्हणून म्हटलं विचारावं. नसंल तर मी आपला नुसता झाडून घेतो.”

आई ओट्यापाशी उभी होती. तिनं हात पदराला पुसले.

“वर्ष घराला आहे,” ती म्हणाली. “लेथला कसलं सुतक? त्यानं काय केलंय? मांडा तुम्ही. मी येते.”

काकांनी मान हलवली आणि घाईघाईनं गेले, तिचा विचार बदलायच्या आत.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून देवघरात गेली. पाण्याचा आवाज आला नाही. मी पडदा सारला तर ती चाक उचलत होती.

“आई, मी घेते.”

“सर बाजूला. मला येतं.”

निम्म्यानं हलकं असलं तरी ते पोलादच होतं. तिनं ते कमरेवर घेतलं, घागर घेतात तसं, आणि एक हात त्याच्या कडेवरून टाकून मागच्या दारानं निघाली. मी आरतीचं ताट घेऊन मागून.

कारखान्यात काकांनी सगळं मांडून ठेवलं होतं. फरशी ओल्या फडक्यानं पुसली होती. लेथला झेंडूची माळ होती. रणधीरही आला होता, पांढरा शर्ट घालून. त्याला मी पहिल्यांदाच ग्रीस न लागलेला बघत होते. त्याची गाडी कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभी होती, गिअरबॉक्स शेजारी जमिनीवर, तोंडाला फडकं बांधून. आप्पांनी ठेवली होती तशीच.

आई सरळ लेथपाशी गेली आणि लेथच्या पाट्यावर, पान्यांच्या ओळीत, तिनं ते चाक ठेवलं. मग सगळ्यांना हळदकुंकू लावत गेली. लेथला, ड्रिलला, पान्यांना, चाकाला. चाकाला जास्त वेळ लावला नाही. काकांनी नारळ फोडला. एका घावात दोन वाट्या.

प्रसाद वाटून झाल्यावर ती काकांकडे वळली.

“उद्या बसवणार का मग?”

“काय, वहिनी?”

“चाक. आणि काय? नवमीला पुजायचं, दसऱ्याला चालवायचं. पुजून ठेवून द्यायचं असतं का हत्यार?”

रणधीर माझ्याकडे बघायला लागला. मी आईकडे. ती ताटातलं खोबरं सारखं करत होती.

काका मात्र खुलले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “वहिनी, एक सांगू? रागवू नका.”

“सांगा.”

“हे असं बसवता यायचं नाही. ह्या बाजूला क्लचची प्लेट बसती, तिला तोंड आरशागत लागतंय. आता...” त्यांनी बोट चाकाच्या वर धरलं, लावलं नाही. “आता जरा ठिपके पडल्यात.”

“पाण्यानं?”

“व्हय.”

“माझ्या?”

काकांनी बोट मागं घेतलं.

“मग तेव्हाच का नाही बोललात? रोज दुपारी पाणी प्यायला येत होता की घरात. रोज बघत होता.”

“तुमच्या देवाला मी काय बोलणार, वहिनी?”

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला. आधी मला वाटलं ती रडते आहे.

“देव कसला, बाबालालभाऊ!” ती म्हणाली. “चाक होतं ते. तुम्हाला तेवढं पण सांगता येईना? हे असते तर जावईबापू म्हणून भर चौकात आरती ओवाळली असती तुमची.”

“व्हय, ओवाळली असती,” काका म्हणाले आणि डोळ्यांना टोपी लावली.

“मग आता?”

“एक हलका कट घ्यायचा लेथवर. ठिपके जातील. दोन कागदांएवढं निघंल, जास्ती नाही.”

“घ्या मग उद्या. मी येते.”

दसऱ्याला सकाळी आम्ही तिघंच होतो. रणधीर नंतर येणार होता. काकांनी चाक लेथला बांधलं, हातानं फिरवून बघितलं, पुन्हा बांधलं. आई आप्पांच्या स्टुलावर बसली. मी लेथच्या शेजारी उभी राहिले, काकांना दिवा धरायला.

दिव्याच्या उजेडात मी ते चाक पहिल्यांदा नीट पाहिलं. देवघरात ते हळदीकुंकवानं आणि फुलांनी झाकलेलं असायचं. आता तोंडावर बारीक रेषा दिसत होत्या, लेथच्या धारेच्या, एकात एक बांगड्या ठेवाव्यात तशा. मी जवळ वाकले. बांगड्या नव्हत्याच त्या. ती एकच रेघ होती. मध्यापासून निघून फिरत फिरत कडेपर्यंत गेलेली, कुठंही न तुटता. धार पुढं सरकवताना आप्पांचा हात एकदाही थांबला नव्हता. गंजाच्या ठिपक्यांखालूनही ती पुढं जात होती. रेघेत हळद बसली होती, म्हणून ती अधिकच दिसत होती.

काकांनी धार चाकाच्या तोंडाशी आणली आणि बटणाकडे हात नेला.

“थांबा,” मी म्हटलं.

काका थांबले.

“नको, काका. जुनंच बसवा.”

“का गं?” आईनं स्टुलावरूनच विचारलं.

“रणधीर म्हणाला होता ना, जुन्यावर पळवीन म्हणून. पळवू दे.” मी दिवा दुसऱ्या हातात घेतला. “हे राहू दे घरात. पाहिजे तर तेल लावून ठेवू. मी नेईन पुण्याला.”

“पुण्याला नेऊन काय करशील? कागदांवर ठेवशील, उडू नयेत म्हणून?”

“आई, आप्पांचा हात आहे त्याच्यावर.”

दिवा माझ्या हातात हलत होता आणि त्याच्यामुळं ती रेघही हलत होती, चाक फिरत असावं तशी. इतके दिवस मी घरात आईसाठी राहिले होते. आईला जपायचं, आईला खाऊ घालायचं, आईच्या पुढ्यातलं कुणाला उचलू द्यायचं नाही. काका खाली बघत होते. त्यांनी हात बटणावरून काढून घेतला होता.

आई स्टुलावरून उठून जवळ आली. तिनं दिवा माझ्या हातातून घेतला आणि चाकावर धरला. तीही ती रेघ बघत होती. मध्यापासून कडेपर्यंत बघितली असावी, कारण बराच वेळ लागला.

“सुलू,” ती म्हणाली, “भाकरी थापली की तिच्यावर माझी बोटं उठतात. पाहिलीस कधी?”

मी मान हलवली.

“म्हणून कुणी ती ठेवून देतं का?”

मी चाकाकडे पाहिलं.

“खाण्यासाठी करतात ती. हे पळण्यासाठी केलंय ह्यांनी. चालू द्या, बाबालालभाऊ.”

काका तरी थांबलेच. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “ताई, एक सांगतो. कट ह्याच बाजूला घ्यायचा. मागची बाजू मालकांचीच राहती. ती इंजिनाच्या क्रँकला चिकटून बसती. तिकडं कोण हात लावतंय?”

मी बाजूला झाले. लेथ सुरू झाला. धार लागली तशी आधी तांबडी भुकटी उडाली, तिच्यात थोडी पिवळी. मग आवाज बदलला आणि पांढराशुभ्र कीस निघायला लागला, केसाच्या जाडीचा, गुंडाळ्या होऊन खाली पडणारा. आई दिवा अगदी स्थिर धरून उभी होती. काका धार पुढं सरकवत होते. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. काय म्हणत होते कुणास ठाऊक. कडेपर्यंत त्यांचाही हात थांबला नाही.

लेथ बंद झाल्यावर आईनंच केरसुणी घेतली आणि कीस गोळा करून भंगाराच्या डब्यात टाकला. तिनं त्यातलं काही बाजूला काढलं नाही. मीही नाही.

मग काकांनी आप्पांच्या दोन पोलादी पट्ट्या काढल्या. त्या पाणसळ लावून समांतर मांडल्या, चाकात दांडा घातला आणि दांडा पट्ट्यांवर टेकवला. चाक मध्ये लोंबत राहिलं.

“हे काय?” आईनं विचारलं.

“तोल बघायचा. ढकला बोटानं.”

आईनं बोट लावलं. चाक हळूच घरंगळलं आणि थांबलं. तिनं पुन्हा ढकललं. दुसरीकडेच थांबलं.

“कुठं पण थांबतंय हे.”

“थांबलं पाहिजे, वहिनी. एक बाजू जड असली की फिरून फिरून तीच खाली येती. मग किती पण ढकला, त्याच जागी. तसलं चाक गाडीला घातलं की हादरे बसून इंजिन खिळखिळं होतंय.”

आई आणखी दोन-तीनदा ढकलून बघत राहिली. दर वेळी ते वेगळ्या जागी थांबत होतं. मग ती “बरं” म्हणाली आणि घरात गेली.

रणधीर आल्यावर काका आणि तो गाडीखाली शिरले. मी वरून हत्यारं देत होते. चाक क्रँकच्या टोकाला टेकवताना काकांनी ते एकदा उलटं करून मला दाखवलं. मागची बाजू, पाटाला टेकलेली कड सोडली तर, तशीच होती, काळसर, कोरडी, आप्पांची रेघ मध्यापासून कडेपर्यंत. मी पाहिलं आणि मान हलवली. मग ती बाजू इंजिनाकडे गेली. काकांनी बोल्ट लावले, एक इकडचा की एक समोरचा, असे आवळत गेले, आणि प्रत्येक बोल्टला पाना शेवटी कट्ट करून वाजला की रणधीर “झाला” म्हणायचा. क्लच चढला, गिअरबॉक्स चढला. चाक कुठं आहे हे आता बाहेरून कुणालाही सांगता आलं नसतं.

गाडी ठोकळ्यांवरून उतरायला दुपार कलली. रणधीर आत बसला. काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मान डोलावली.

इंजिन लागलं. आप्पांच्या गाड्यांचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले, पण हा त्यातला नव्हता. एका जागी उभं राहणं त्याला जमत नव्हतं. थरथरत होतं, अडखळत होतं, आत्ता बंद पडेल असं वाटे आणि पडत नसे. रणधीरनं पाय दिला की ओरडून वर जायचं, काढला की त्याच क्षणी खाली. मध्ये काही रेंगाळणं नाही.

“अहाहा,” काका म्हणाले.

रणधीरनं गिअर टाकला, अंदाजानं क्लच सोडला. गाडीला एक हिसका बसला आणि सगळं गप्प झालं.

त्यानं पुन्हा सुरू केली. पुन्हा हिसका. पुन्हा गप्प. रस्त्यापलीकडच्या कारखान्यात हत्यारांना हार घालणारे लोक दारात येऊन उभे राहिले. त्यातला एक ओरडला, “काय चॅम्पियन, ढकलायला येऊ काय?”

रणधीरचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात मागच्या दारातून हसण्याचा आवाज आला.

आई तिथं उभी होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. तिला हसू आवरत नव्हतं.

“अरे, हलकं जातं आहे ते!” ती तिथूनच म्हणाली. “हात सोडू नकोस. हे म्हणालेच होते, रणधीर पहिल्यांदा बंद पाडणार बघ, म्हणून.”

“आप्पा असं म्हणाले होते?”

“म्हणजे काय! जायच्या चार दिवस आधीच हसून घेतलं होतं त्यांनी.”

रणधीरही हसला. त्यानं पुन्हा सुरू केली, या वेळी पाय न काढता, जरा जपून, आणि गाडी दारातून बाहेर पडली. रस्त्याच्या टोकापर्यंत तिचा आवाज आला. वर जायचा, तुटायचा, पुन्हा वर जायचा. काका डोळे मिटून ऐकत होते. आई थांबली नाही. तव्यावर काहीतरी होतं.

शर्यतीत रणधीर पहिल्या तिघांतही आला नाही. एका वळणावर त्यानं गाडी पुन्हा बंद पाडली. पुढच्या वर्षी मात्र पहिल्या तिघांत आला. पुढं ती गाडी कुणाकुणाच्या हातांत गेली, मला माहीत नाही. आईही आता नाही. तिच्या भांड्यांतलं मी फारसं काही आणलं नाही. एक तो पाट आणला.

त्या दसऱ्याला काका त्यांच्या घरी गेल्यावर मी हात धुऊन आत आले. देवघराचा पडदा सारलेला होता. देवांपुढची जागा मोकळी होती आणि ती पुसून घेतलेली होती. पाट तिथं नव्हता. तो चुलीसमोर मांडलेला होता, माझ्या जागी. आईनं तो घासलेला दिसत होता, पण गंजाचा गोल डाग गेला नव्हता.

“बस,” ती म्हणाली.

“ह्याच्यावर?”

“पाट आहे तो. बसायलाच असतो.”

मी बसले. तिनं ताटात पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला आणि तव्यावरची भाकरी सरळ माझ्या ताटात टाकली. भाकरीतून वाफ निघत होती.

“तू कधी निघणार आहेस?” तिनं पुढची भाकरी थापायला घेत विचारलं.

“परवा म्हणते.”

“उद्या नीघ. सकाळची एस्टी रिकामी असते. मी भाकऱ्या बांधून देईन.”

थापण्याचा आवाज सुरू झाला. मी ताटाकडे पाहिलं. भाकरीवर तिची बोटं उठली होती, कडेनं गोल, एकापुढे एक. मी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

“निवतीय,” आई वर न बघता म्हणाली.

मी भाकरी मोडली.